ट्रस रॉड नसलेला ग्रॅफाइट नेक: दुरुस्तीच्या नोंदी

४ जानेवारी

दादांची बास गिटार आज टेबलावर आली. चार तारा, ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी, म्हणजे ८६३.६ मिमी), लाकडी बॉडी आणि तिच्यावर चार स्क्रूंनी बसवलेला काळा ग्रॅफाइट (म्हणजे कार्बन तंतू आणि इपॉक्सीचा) नेक. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. हेडस्टॉकपाशी बघितलं, टाचेच्या (नेकच्या बॉडीकडच्या टोकाच्या) बाजूनं बघितलं, ट्रस रॉडचं (नेकचा वाक कमी-जास्त करायला आत घालतात त्या सळईचं) भोक सापडलं नाही. म्हणजे रॉड नाहीच.

तक्रारी तीन. ॲक्शन (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, त्यांच्यापासून तारांची उंची) आपोआप वर जाते, चौदाव्या फ्रेटच्या पुढे झणझण होते आणि बॅटरी महिन्याभरात बसते. पहिली तक्रार ऐकल्याबरोबर मी शहाणपणा केला. "दादा, ग्रॅफाइट नेक असा हळूहळू वाकत जात नाही." ते म्हणाले, "मग ॲक्शन वर कोण करतं? भूत?"

आजची मापं, ४५–१०५ च्या (जाडी इंचाच्या हजारांशात) तारा नेहमीच्या सुरांत असताना: बाराव्या फ्रेटवर ई तार ३.४ मिमी, जी तार ३.० मिमी. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट आणि आठव्यावर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या): रिलीफ, म्हणजे तारांखाली नेकला असलेला हलका खळगा, ०.३० मिमी. रिलीफ ठीक आहे. ॲक्शन मात्र अवाच्या सवा.

नेकच्या पाठीवर नाण्यानं ठोकत वरपासून खालपर्यंत गेलो. कार्बनचे थर आतून सुटले असतील तर त्या जागी आवाज बसका येतो, पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा. इथे सगळीकडे टणक. टाचेपाशी जरा जास्तच टणक, म्हणजे तिथे आतून भरीव असावा. हे पुढे कामाला येईल.

५ जानेवारी

तारा सैल करून रिलीफ पुन्हा मोजला. सरळपट्टी ठेवून आठव्या फ्रेटवर ०.०५ मिमी. म्हणजे तारांच्या ओढीनं नेक पाव मिलिमीटर वाकतो. या जाडीच्या चार तारांची एकूण ओढ सुमारे ८० किलोची असते. त्या मानानं पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण शून्यही नाही, हे लक्षात ठेवायचं. "ग्रॅफाइट वाकतच नाही" असं छातीठोकपणे सांगणारे (कालचा मी धरून) मोजत नाहीत.

रॉड का नाही, याचं कारण या नेकच्या जन्मातच आहे. १९७० च्या दशकात विमान-अवकाश उद्योगात काम करणाऱ्या जेफ गोल्डच्या डोक्यात आलं की तिथलं कार्बन-इपॉक्सी नेकला वापरता येईल. अलेम्बिक या गिटार-बास बनवणाऱ्या कंपनीच्या रिक टर्नरबरोबर त्यानं ते करून बघितलं आणि पुढे मॉड्युलस ग्रॅफाइट ही स्वतःची कंपनी काढली. एकाच दिशेनं तंतू टाकलेल्या कार्बन-इपॉक्सीची ताठरता १२० गिगापास्कलच्या वर जाते, मेपलची तंतूंच्या दिशेनं साधारण १२. मग रॉड हवाच कशाला, हा तेव्हाचा विचार. मॉड्युलसच्या सुरुवातीच्या नेकना रॉड नव्हता. नंतर त्यांनीही घालायला सुरुवात केली. माझ्या मते नेक कमजोर पडत होता म्हणून नाही. वाजवणारे दहा प्रकारच्या तारा लावतात आणि प्रत्येकाला ॲक्शन वेगळी हवी असते, म्हणून.

तारा परत सुरात आणून बास स्टँडवर ठेवली. आठवडाभर हात लावायचा नाही.

१२ जानेवारी

रिलीफ ०.३०. जसाच्या तसा.

बाराव्या फ्रेटवर ई तार ३.५. एका आठवड्यात ०.१ वाढली. नेक हलला नाही, ब्रिजचे सॅडल (बॉडीवर तारा ज्यांच्यावर टेकतात ते उंची बदलता येणारे तुकडे) मी पहिल्या दिवशीच नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवले होते, तेही हलले नाहीत. राहिला तो सांधा. नेक आणि बॉडी जिथे भेटतात तो.

१३ जानेवारी

नेक उतरवला. चारपैकी दोन स्क्रू बोटांनीच फिरले. लाकडी कामाचे साधे स्क्रू थेट ग्रॅफाइटमध्ये पिळलेले! भोकं बुजवून पुन्हा पाडलेली दिसतात, आत काडेपेटीच्या काड्या आणि पिवळा गोंद. आधी कुणी हात घातला होता ते मला माहीत नाही, जाणूनही घ्यायचं नाही. लाकडात हा उपाय चालून जातो, कारण लाकडाचे तंतू स्क्रूचे आटे दाबून धरतात. कार्बन-इपॉक्सी तसं दबत नाही. आट्यांच्या कडेनं त्याचा भुगा होतो आणि दर वेळी पिळलं की भोक थोडं मोठं होतं.

स्क्रूंना गंज होता, आणि तोही फक्त नेकच्या बाजूच्या अर्ध्या भागाला. याचंही कारण कार्बनच. घामाचं खारट पाणी मधे आलं की कार्बन आणि लोखंड मिळून एक बारीकशी बॅटरी तयार होते आणि तीत झिजतं ते लोखंड. ॲल्युमिनियम असतं तर आणखी लवकर गेलं असतं.

पण खरा चोर पॉकेटच्या (बॉडीतल्या, नेक बसतो त्या खाचेच्या) तळाशी बसला होता. तारांच्या पाकिटाच्या पुठ्ठ्याची दुमडलेली पट्टी, पॉकेटच्या ब्रिजकडच्या कडेला. नेकला मागे कल देण्यासाठी अशी पट्टी पुष्कळ जण घालतात. ही चेपून चेपून मधोमध कागदासारखी झाली होती. कडेला, जिथे दाब आला नाही तिथे, कॅलिपरवर ०.५२ मिमी. मधे ०.२८.

आकडेमोड केली. पॉकेटची लांबी ९० मिमी. नेक पॉकेटच्या पुढच्या कडेवर टेकून झुलतो असं धरलं, तर ती कड साधारण सोळाव्या फ्रेटखाली येते आणि तिथून ब्रिजपर्यंत तार ३४३ मिमी. पट्टी ०.२४ मिमीनं चेपली की ब्रिजपाशी फरक ०.२४ × ३४३ ÷ ९०, म्हणजे ०.९ मिमी. बाराव्या फ्रेटवर त्याच्या निम्मा, ०.४५. पुठ्ठा केसाच्या दोन-तीन जाडींइतका बसतो आणि वर हाताला अर्धा मिलिमीटर जाणवतो. त्यात दोन स्क्रू सैल. भुताचा पत्ता लागला.

पुठ्ठा फेकला नाही, पाकिटात जपून ठेवलाय. दादांना दाखवायचा आहे.

१७ जानेवारी

टाचेत एम५ चे पितळी इन्सर्ट बसवायचे ठरवलं. इन्सर्ट म्हणजे बाहेरून आटे असलेली पितळी नळी, आत मशीन स्क्रूचे आटे. ती इपॉक्सीत कायमची बसते, मग स्क्रू शंभर वेळा काढा-घाला.

कार्बनमध्ये भोक पाडताना तीन गोष्टी. कार्बाइडचा ड्रिल, कारण साधा ड्रिल दोन भोकांत बोथट होतो आणि बोथट ड्रिल तंतू कापत नाही, उपटतो. वेग कमी, कारण घर्षणानं इपॉक्सी मऊ पडते. आणि धूळ. ही धूळ अंगाला खाजते, छातीत जाऊ देऊ नये, आणि मुख्य म्हणजे ती वीज वाहते. पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबक) आणि प्रीॲम्प (आवाज वाढवणारं बॅटरीवरचं सर्किट) असलेली बॉडी मी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली. तोंडाला चांगला फिल्टरचा मास्क, व्हॅक्यूमचं तोंड ड्रिलला चिकटवलेलं, टेबलावर ओलं फडकं. तरी रात्री मनगटं खाजत होतीच.

आधी काड्या-गोंद पूर्ण काढून टाकला. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून टेप. टाच २५ मिमी जाड, मी १५ वर थांबलो. पलीकडे फ्रेटबोर्ड आहे, तिथून ड्रिलचं टोक बाहेर आलं तर मग बोलायलाच नको.

१८ जानेवारी

इन्सर्ट इपॉक्सीत बसवले. चोवीस तासांत घट्ट होणारी सावकाश इपॉक्सी घेतली, पाच मिनिटांची नाही. स्क्रूंना मेण लावून ते इन्सर्टमध्ये पिळून ठेवले, म्हणजे आत गोंद शिरत नाही.

१९ जानेवारी

चौथा इन्सर्ट तिरका बसला.

ड्रिल प्रेस होतं, पण चौथ्या भोकाच्या वेळी क्लॅम्प सैल होता आणि मी "एवढ्याला काय होतंय" म्हणून तसंच रेटलं. स्क्रू बॉडीतून सरळ येतो, इन्सर्ट तीन-चार अंशांनी वाकडा, आटे जुळत नाहीत. त्या इन्सर्टमध्ये जुना स्क्रू पिळून त्याच्या डोक्याला सोल्डरिंग आयर्न टेकवला. एक-दीड मिनिटात भोवतीची इपॉक्सी मऊ झाली आणि पक्कडीनं इन्सर्ट हळूच फिरवत बाहेर आला. खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या बहुतेक इपॉक्सी ६०–८० अंशांच्या आसपासच ढिल्या पडायला लागतात. हाच गुण आज उपयोगी पडला, आणि याचसाठी असली वाद्यं उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत.

भोक साफ केलं, गाईड ब्लॉक लावून सरळ केलं, थोडं मोठं झालं ते इपॉक्सीत कार्बनचा भुगा कालवून भरलं. परत चोवीस तास.

२१ जानेवारी

चारही सरळ. बॉडीतली भोकं ५ मिमीच्या स्क्रूला सहज आरपार जाऊ देतील इतकी मोठी केली. हे विसरलं तर स्क्रू लाकडातच पकड घेतो आणि नेक पॉकेटवर ओढला जातच नाही. वरून घट्ट वाटतं, खाली फट राहते. स्क्रू स्टेनलेसचे. पितळ आणि कार्बन यांच्यात आता इपॉक्सीचा थर आहे, त्यामुळे घामाचा तो बॅटरीचा खेळ इथे होऊ नये.

पाचर मेपलची केली, पूर्ण पॉकेटभर, एका कडेला शून्य आणि दुसऱ्या कडेला ०.६ मिमी. सपाट लाकडावर दुहेरी टेपनं चिकटवून घासली. चार तुकडे वाया गेले, कारण शून्याकडची कड पापुद्र्यासारखी सुटते. पाचवा जमला. संध्याकाळ गेली.

२२ जानेवारी

तारा लावल्या. बाराव्या फ्रेटवर ई २.२, जी १.९. सॅडलना अजून दोन्ही बाजूंना वाव आहे. नट (हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) बघितला, खाचा बऱ्या आहेत, हात लावला नाही.

आता झणझण स्वच्छ ऐकू येते. डी आणि जी तारांवर, तेराव्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबलं की.

तंबोऱ्याला जवारी लावतात तेव्हा तार घोडीवर घासून जो नाद येतो तो हवाहवासा असतो. इथे तोच प्रकार नको तिथे होतोय. फ्रेट रॉकर (तीन फ्रेटवर टेकवायची छोटी सरळपट्टी) टेकवला तर पंधरावा आणि सोळावा डुलतात.

लाकडी नेक असता तर टाचेपाशी फ्रेटबोर्डच उचलला गेलाय का, हा पहिला संशय घेतला असता. इथे फ्रेटबोर्ड फिनॉलिकचा आहे, सरळपट्टी पूर्ण टेकते. उचलले गेलेत ते फ्रेट. बोटाच्या नखानं फ्रेटच्या टोकावर टिचकी मारली: बाकीचे "टक" म्हणतात, पंधरावा "ठप्". दाबून धरून टिचकी मारली तर तोही "टक". म्हणजे खाली पोकळ.

फिनॉलिक म्हणजे कागद किंवा कापडाचे थर आणि राळ. लाकूड फ्रेटच्या खालच्या काट्यांना आवळून धरतं, फिनॉलिक तितकं धरत नाही, म्हणून असल्या नेकवर फ्रेट बहुतांशी गोंदाच्या भरवशावर असतात. गोंद वयानं सुकला की सुटले.

२३ जानेवारी

दोन्ही फ्रेटच्या बाजूला टेप, मग पातळ सुपरग्लू सुईनं कडेनं सोडला. तो आपोआप आत ओढला जातो, फ्रेटखालून दुसऱ्या बाजूला ओलसर रेष दिसली की पुरे. वरून फ्रेटबोर्डच्या गोलाईचा लाकडी ठोकळा आणि क्लॅम्प, रात्रभर. गरम इस्त्री लावून फ्रेट उपटून परत बसवावा असं मनात आलं होतं. पण फिनॉलिकच्या खाचेची कड उडाली की ती पुन्हा भरणं जिकिरीचं, आणि फ्रेट अजून जाड आहेत. नको.

२५ जानेवारी

लेव्हलिंग, म्हणजे फ्रेटची उंची घासून जुळवणं. या कामाचा सगळ्यात अवघड दिवस, म्हणून सविस्तर लिहितो.

रॉड असलेल्या नेकवर काय करतात? तारा काढायच्या, रॉडनं नेक सरळ करायचा, फ्रेट सपाट घासायचे, मग रॉड सैल करून हवा तेवढा रिलीफ आणायचा. इथे सरळ करायला काहीच नाही. तारा काढल्या की नेक ०.०५ वर येतो, तारा चढल्या की ०.३० वर. म्हणजे मोकळ्या नेकवर घासलेली सपाटी तारा चढल्यावर तशी राहणार नाही. आणि वाक सगळीकडे सारखा असतोच असं नाही. टाचेपाशी नेक भरीव आहे, तिथे कमी वाकतो, मधे जास्त.

म्हणून तारा सुरात ठेवूनच, त्यांच्या खालून घासायचं. ॲल्युमिनियमचा अरुंद लांब कोन घेतला, तो सरळ आहे याची काचेवर खात्री केली, खालच्या बाजूला ४०० नंबरचा पेपर चिकटवला. ॲल्युमिनियमच्या वरच्या बाजूला टेप, म्हणजे तार खरवडत नाही. पिकअपवर टेपचे दोन थर. तसा निकेल सिल्व्हरचा चुरा चुंबकाला चिकटत नाही, पण हे फ्रेट कशाचे हे आधी कळत नाही. हे स्टेनलेस निघाले, पेपर चारदा बदलावा लागला.

प्रत्येक फ्रेटवर मार्करची रेघ ओढली. डी तार बाजूला सारून तिच्या रेषेत कोन आठ-दहा वेळा हलक्या हातानं फिरवला. पंधरा-सोळाची शाई लगेच गेली. चौदाची अर्धी. सातव्या-आठव्याची तशीच राहिली, आणि ती राहायलाच हवी, तिथे रिलीफची खोली आहे. मोह असा होतो की सगळ्यांची शाई पुसली जाईपर्यंत घासावं. तसं केलं की तारांच्या ओढीनं जो थोडा खळगा मिळालाय तोही गेला, आणि तो परत आणायला आपल्याकडे रॉड नाही. मी तेराच्या पुढेच काम केलं, बाकीच्यांना फक्त स्पर्श.

पंधराव्याची उंची १.१२ वरून १.०४ मिमी झाली. माथे गोल केले, मग बारीक पेपर, मग पॉलिश. बोटं दुखतायत.

२६ जानेवारी

झणझण गेली. जी तारेवर विसाव्या फ्रेटला जोरात ठोकलं तर किंचित येते. दादा तिथे जात नाहीत, गेले तर सांगतील.

२९ जानेवारी

बॅटरी. नऊ व्होल्टचा प्रीॲम्प, पिकअप साधे पॅसिव्ह. असल्या बासमध्ये स्विच जॅकमध्येच असतो: जॅक स्टिरिओ (टिप, रिंग आणि स्लीव्ह अशी तीन टोकं), बॅटरीचा ऋण टोकाचा वायर रिंगला, आणि साधा मोनो प्लग आत गेला की रिंग आणि स्लीव्ह जोडले जाऊन सर्किट पूर्ण होतं. प्लग बाहेर, विजेचा प्रवाह शून्य. मल्टिमीटर बॅटरीच्या ओळीत लावला. प्लग बाहेर काढूनही ०.६ मिलिअँपिअर.

नऊ व्होल्टची अल्कलाईन साधारण ५०० मिलिअँपिअर-अवर धरली तर ८३० तास, पाच आठवडे. दादांचा "महिनाभर" बरोबर.

माझा संशय ताबडतोब नेकवर. कुणीतरी टाचेत भोकं पाडली, काळी धूळ उडाली, कॅव्हिटीत शिरली, टर्मिनलवर बसली. दुपारभर ब्रश, व्हॅक्यूम, आयसोप्रोपिल अल्कोहोल. परत मोजलं: ०.६.

मग कॅव्हिटीचा रंग बघितला. शिल्डिंगचा काळा रंग, त्यातही कार्बनच असतो म्हणून तो वीज वाहतो, आणि तो ग्राउंडला जोडलेला. जॅक वर्षानुवर्षं ढिला होऊन थोडा फिरलाय आणि रिंगचं टर्मिनल भिंतीला टेकलंय. रंगातून पंधराएक किलोओहमचा रस्ता तयार झाला. काळ्या धुळीवर आळ घेतला, निघाला काळा रंग. जॅक फिरवला, नट आवळला, भिंतीच्या त्या भागावर इन्सुलेशन टेप. मीटर ०.००.

१ फेब्रुवारी

दादांच्या फर्माइशी. पहिली: बॅटरी संपली तरी कार्यक्रम थांबू नये. डीपीडीटी (एकाच वेळी दोन ओळी बदलणारा) स्विच घालून प्रीॲम्पला बगल दिली, आणि त्या बाजूला ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावलेला साधा टोन. पिकअप पॅसिव्ह आहेत म्हणूनच हे जमतं. पिकअपच्या पोटातच प्रीॲम्प असेल तर बॅटरीशिवाय आवाजच नाही. ग्रॅफाइटचा वरचा चकचकीत सूर ज्यांना बोचतो त्यांनी हा टोन निम्म्यावर ठेवून बघावा. मला स्वतःला तो पूर्ण उघडाच आवडतो.

दुसरी: हलके ट्यूनर. हेडस्टॉकची भोकं १७.५ मिमी, नवे ट्यूनर १४ चे. मधे कडी बसवली, कार्बनला ड्रिल लावला नाही. बास पट्ट्यावर आता मान टाकत नाही.

तिसरी: ४०–९५ च्या हलक्या तारा. लावल्या. रिलीफ ०.३० वरून ०.२६. रॉड नसलेल्या नेकवर तारांची जाडी हाच तुमचा रॉड, आणि तो फार दुबळा आहे. या फरकाला सॅडल थोडे खाली घेणं पुरलं.

८ फेब्रुवारी

सकाळी १८ अंशांवर सुरात लावली, दुपारी खोली ३१ वर गेली. जी तार वीसेक सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरली. दादांचा फोन, "अरे, ग्रॅफाइट तर सुरातून जात नाही म्हणतात!" पोलाद दर अंशाला दहा लाखात बाराएक भाग लांबतं, कार्बनचा तंतू त्याच्या लांबीच्या दिशेनं जवळजवळ लांबतच नाही. तारा ताणल्या-सुटल्या तरी नेक त्यांच्यामागे जात नाही, म्हणून गरमीत या नेकवर तारा लाकडी नेकपेक्षा किंचित जास्तच उतरतात. फायदा दमट हवेत. लाकूड ओल पिऊन फुगतं, वाकतं. हा नेक नाही. रिलीफ दोन्ही वेळा ०.२६.

१५ फेब्रुवारी

तीन आठवड्यांची मापं. ई तार बाराव्या फ्रेटवर २.१, तारा बदलून सॅडल खाली घेतल्या दिवशी होती तीच. चारही स्क्रूंच्या डोक्यावर ओढलेल्या रेघा जागेवर. बॅटरी ९.३ व्होल्ट.

दादा बास न्यायला आले. पाकिटातून पुठ्ठा काढून त्यांच्या हातावर ठेवला. दोन बोटांत धरून चाचपला, परत दिला, आणि म्हणाले, "एवढुसं भूत?"

पुढची तपासणी हवा दमट झाल्यावर. तेव्हा पॉकेटची कड आणि पाचर बघायची, तिथे लाकूड आहे.